चुकीवर एक सरळ रेघ

लालबागला मिरची गल्लीच्या तोंडाशी माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नाव 'सुरुची झेरॉक्स', म्हणजे माझंच नाव. पण पाटी अर्धीच वाचून लोक आत डोकावतात आणि विचारतात, "मावशी, थाळी कितीला?" मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. दिवसभर "पाठपोट की एका बाजूनं?" हे शंभर वेळा विचारायचं, वर कांडपाची मिरची नाकात जाऊन शिंकत बसायचं, आणि पुन्हा गोड बोलायचं, हे आपल्याला नाही जमत. जमत असेल त्याच्या पाया पडेन. पण गेली नऊ वर्षं रोज अकरा ते एक या वेळात एक माणूस माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसतो, आणि त्याच्यासमोर माझा आवाज आपोआप खाली येतो.

त्यांचं नाव दौलत घाग. वय सत्त्याहत्तर. गुहागरकडच्या आंबेकोंड नावाच्या वाडीतले. वडील परळच्या गिरणीत होते, हे फौजेत गेले. पण बंदूक घेऊन नव्हे, तर पेन घेऊन. पलटणीच्या कचेरीत सव्वीस वर्षं कारकुनी केली आणि हवालदार म्हणून सुटले. बायको वारली, मुलगा पनवेलला राहतो, ये म्हणतो, हे जात नाहीत. आमच्या मागच्याच चाळीत तिसऱ्या माळ्यावर एकटे राहतात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात एक फूटपट्टी.

आमची ओळख भांडणानं झाली. एक गृहस्थ आपल्या वडलांचं डिस्चार्ज बुक लॅमिनेट करायला घेऊन आले होते. जवान भरती झाल्यापासून कचेरीतले कारकून या लहानशा पुस्तकात नोंदी करत जातात आणि फौजेतून सुटताना ते त्याच्या हाती देतात. नाव, जन्मतारीख, बायको, मुलं, कुठे कुठे होता, वागणूक कशी होती, सगळं त्यात. लोक ते देवासारखं जपतात. जपायचं म्हणजे आपल्याकडे काय, प्लास्टिकमध्ये घालायचं! मी मशीन तापवलं, पहिलं पान आत सारणार तेवढ्यात फुटपाथवरून आरोळी आली, "थांबवा! मशीन बंद करा आधी!"

मी म्हटलं, "कोण हो तुम्ही?"

"जिवंत माणसाला तिरडीला बांधताय तुम्ही," हे म्हणाले. "उद्या यात चूक निघाली तर ती याच पानावर पेनानं दुरुस्त करून शिक्का मारावा लागतो. प्लास्टिकवर सही कोण करणार, तुमचे आजोबा?"

"माझे आजोबा वारले," मी म्हटलं. "तुमचे असतील तर बोलवा."

ते बिचारं गिऱ्हाईक आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिलं. घागसाहेबांनी त्याच्या हातातून पुस्तक घेतलं, ओळीखाली पट्टी धरली आणि दोन मिनिटांत म्हणाले, "तुमची बहीण तुमच्या आईपेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, ठाऊक आहे का?" खरंच तसं लिहिलेलं होतं! तीस वर्षं ते पुस्तक त्यांच्या देव्हाऱ्यात होतं आणि कोणी ओळन्ओळ वाचलंच नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या दुकानात पाटी लागली, 'डिस्चार्ज बुक लॅमिनेट केले जाणार नाही.' माझंच गिऱ्हाईक मीच घालवलं म्हणा ना.

मग लोक येऊ लागले. माझगाव, शिवडी, वडाळा, कुठून कुठून. रिटायर झालेले जवान, त्यांच्या बायका, विधवा. कोणाच्या मुलाचं नाव राहिलेलं, कोणाची जन्मतारीख चुकलेली, कोणी कागदावर अजून बिनलग्नाचा. घागसाहेब सगळ्यांचे अर्ज लिहून द्यायचे. एक पैसा नाही. चहासुद्धा स्वतःचा स्वतः आणायचे. मी कधी दिला तर कप धुऊन परत ठेवायचे, जसं काय मी पोलीस लावणार होते त्यांच्यावर.

त्यांचा एक नियम होता आणि तो ते प्रत्येकाला ऐकवायचे. "खाडाखोड नाही. व्हाइटनर तर नाहीच नाही. चुकीवर एक सरळ रेघ, वर बरोबर काय ते, बाजूला सही आणि तारीख. खालची चूक वाचता आली पाहिजे. लपवली ती दुरुस्ती नव्हे." आणि चुकणाऱ्या कारकुनांवर त्यांचा असा काही राग, की मला त्या न पाहिलेल्या कारकुनांची दया यायची. "गोळी चुकली तर माती उडते, सुरुचीबाई," ते म्हणायचे. "पेन चुकलं तर माणूस उडतो." त्यांच्या स्वतःच्या पुस्तकात वागणुकीपुढे 'एक्झेम्प्लरी' लिहिलंय. त्याहून वरचा शेरा फौजेत नाही म्हणतात. ते पुस्तक त्यांनी मला एकदाच दाखवलं होतं, तेसुद्धा हात धुऊन.

गेल्या वर्षी गणपती उठले, त्यानंतरच्या आठवड्यात नायगावहून दोघी आल्या. सासू आणि सून. सासू रखमा भुवड, वय अडुसष्ट, उंचीनं लहान, नऊवारी घट्ट कसलेली. सून अक्षदा, बँकेत कामाला, रागानं लालबुंद झालेली. रखमाबाईंचे यजमान शिवा भुवड फौजेतून नाईक म्हणून सुटले, मग लोअर परळला गिरणीच्या जागेवर टॉवर झाला तिथे वॉचमन होते, आणि दोन वर्षांपूर्वी वारले. आता विधवेचं पेन्शन सुरू व्हायला हवं, दवाखान्याचं कार्ड व्हायला हवं. तर फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसातून पत्र आलं. अक्षदानं ते माझ्या काउंटरवर आपटलंच.

घागसाहेबांनी पट्टी धरून वाचलं. आमच्या रेकॉर्डप्रमाणे नाईक शिवा भुवड यांच्या पत्नीचं नाव दुर्गा आहे. रखमा या नावाच्या पत्नीची नोंद नाही. तरी दुर्गा भुवड यांच्या मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद सादर करावा.

"आता आईंनी स्वतःच्याच मृत्यूचा दाखला आणायचा का?" अक्षदा म्हणाली. "अहो, माहेरची दुर्गा त्याच! लग्नात नाव बदललं. आम्ही वकिलाकडून तसं अ‍ॅफिडेव्हिट करून पाठवलं. तर म्हणे पुरावा द्या. आई शाळेत गेल्या नाहीत, जन्माचा दाखला नाही, माहेरी कोणी उरलं नाही. पुरावा कुठून आणू?"

"अ‍ॅफिडेव्हिटची झेरॉक्स दाखवा," मी म्हटलं.

"काढली नाही."

"हेच! हेच तुमचं! दोन रुपये वाचवता आणि मग बोंबलता." माझं तोंड सुटलंच. घागसाहेबांनी पट्टी वर केली आणि मी गप्प बसले.

अक्षदाला बँकेतून फोन आला म्हणून ती बाहेर गेली. रखमाबाई तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या स्टुलाजवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? पुस्तकात असं आपलं आपण लिहितात, का नवऱ्यानं सांगितलं तरच लिहितात?"

"सांगितल्याशिवाय कारकून लिहीत नाही, बाई," घागसाहेब ताठ बसून म्हणाले.

बाईंचा चेहरा उतरला. मी झेरॉक्स काढत होते, पण माझे कान तिकडेच होते. "यांनी मला जन्मात कधी दुर्गा म्हणून हाक मारली नाय," त्या म्हणाल्या. "लग्नात ताटातल्या तांदळात रखमा लिहिलंन्, तेव्हापासून मी रखमाच. मग हे दुर्गा कशाला सांगतील? आणि दुसरं सांगते साहेब, सुनेला नाय सांगितलं. दर दसऱ्याला त्या पुस्तकाची पूजा मीच करायची. मी हळदकुंकू लावायला लागले की हे हसायचे. म्हणायचे, लाव, लाव, सवतीला कुंकू लाव. मना वाटायचं, फौजेला म्हणतात. आता वाटतं, तिकडे लांब वर्षं वर्षं राहायचे. दुर्गा काय जगात एकच हाय?"

पन्नास वर्षांचा संसार केलेली बाई, आणि एका कागदानं तिच्या मनात असला किडा सोडला. त्यांच्या नायगावच्या चाळीत कुजबुज तर होतीच. तिथल्या बीडीडी चाळी पाडायला घेतल्यावर सगळे तात्पुरत्या घरांत गेलेत, पण कुजबुज बरोबर घेऊन गेलेत. शिवाभाऊंची पहिली बायको होती म्हणे. घागसाहेब एवढंच म्हणाले, "मूळ पुस्तक उद्या घेऊन या. अक्षर बघितल्याशिवाय मी बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी रखमाबाई एकट्याच आल्या, पुस्तक माझ्याकडे दिलं आणि डॉक्टरची वेळ होती म्हणून गेल्या. कव्हरवर कुंकवाचे थरावर थर बसलेले. घागसाहेबांची नजर हल्ली बारीक अक्षराला दमते, म्हणून मी बायकोच्या नोंदीचं पान मोठं करून काढलं. कागद मशीनमधून बाहेर आला. मी हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

इंग्रजीत लिहिलेलं 'दुर्गा'. त्यातल्या 'जी'ची शेपटी खाली लांब जाऊन डावीकडे वळलेली आणि टोकाला बारीक गाठ मारलेली. ती गाठ मी नऊ वर्षं रोज बघतेय. रोज त्या अक्षराच्या पन्नास झेरॉक्स काढतेय. जगात दुसरं कोणी 'जी'ला गाठ मारत नाही.

मी कागद उलटा ठेवला. मग वाटलं, उलटा ठेवून काय होणार? सुलटा करून त्यांच्यापुढे सरकवला आणि उगीच टोनरचं झाकण उघडून बसले. त्यांनी पट्टी धरली. पट्टी त्या ओळीखाली थांबली ती हललीच नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. साडेअकरा वाजले होते. ते उठले, म्हणाले, "आज मी निघतो," आणि पट्टी तिथेच विसरून गेले.

त्यानंतर दोन दिवस ते आले नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा. लोक येऊन विचारायचे, मी कोणावर तरी खेकसायचे. तिसऱ्या दिवशी दुकानाला शटर लावलं आणि पट्टी घेऊन तिसऱ्या माळ्यावर गेले. दार उघडंच होतं. ते खाटेवर बसले होते, दाढी वाढलेली. हे त्यांच्या बाबतीत मी कधी बघितलं नव्हतं.

"तुम्ही ओळखलंत," ते म्हणाले.

"हो."

मग त्यांनी सांगितलं. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. एक पोरसवदा जवान लग्नाची रजा संपवून हजर झाला. बायकोची नोंद करायची होती. घागसाहेब तेव्हा सव्वीस वर्षांचे, हाताखाली ढीगभर कागद, आणि त्या पलटणीत फक्त दहा महिने होते. त्यांनी विचारलं, बायकोचं नाव? पोरगा लाजला. आमच्या कोकणात तेव्हा बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं म्हणजे उखाण्यातच घ्यायचं. मोठ्या माणसासमोर असं कोरडं नाव कोण घेणार? तो आपला बुटांकडे बघत उभा. यांनी विचारलं, सासरवाडी कुठली? तो म्हणाला, आंबेकोंड. हे खूश झाले. आपलीच वाडी! कोणाची मुलगी? बारकू तात्यांची. "म्हटलं, म्हणजे दुर्गा! अरे, एवढीशी होती रे, आमच्या पडवीत खेळायची! आणि लिहून मोकळा झालो."

"मग तो काही बोलला नाही?"

"तोंड उघडलं होतं त्यानं. मला दिसलं होतं. पण मी तोवर पुढच्याला बोलावलं. लग्नात नाव बदलतात हे मला काय ठाऊक नव्हतं, सुरुचीबाई? माझ्या स्वतःच्या बायकोचं बदललं होतं. मी विचारलंच नाही. मला वाटलं, मला माहीत आहे."

आता माझं सांगते. मी काही चांगली बाई नाही. मी त्यांना म्हटलं, "अहो, कोणाला कळणार आहे? पन्नास वर्षं झाली. आपण नवीन अ‍ॅफिडेव्हिट करू, पेपरात जाहिरात देऊ, दोन साक्षीदार मी आणते. तुमच्या नावाला कशाला बट्टा? लोक तुमच्याकडे येतात ते तुमचं पेन कधी चुकत नाही म्हणून."

"जाहिरातीनं ऑफिसचं समाधान होईल कदाचित," ते म्हणाले. "तिचं काय? तिला मी काय सांगितलं? सांगितल्याशिवाय कारकून लिहीत नाही. नवऱ्यावर संशय घेऊन ती बाई इथून गेली आणि तो संशय मी पक्का केला." मग माझ्या हातातली पट्टी घेत म्हणाले, "तिला उद्या अकरा वाजता बोलवा. दुकानातच."

"घरी जाऊन सांगा ना. चारचौघांत कशाला?"

"चारचौघांतच बोललो होतो."

दुसऱ्या दिवशी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. दुकानात आणखी तिघे अर्जासाठी थांबले होते. रखमाबाई आणि अक्षदा आल्या. घागसाहेब स्टुलावरून उठले. ते कधी कोणासाठी उठत नाहीत, गुडघे दुखतात त्यांचे. हात पँटच्या शिवणीला लावून ताठ उभे राहिले आणि सगळं सांगितलं. वाडी, बारकू तात्या, लाजलेला पोरगा, त्यानं उघडलेलं तोंड, काहीही गाळलं नाही. शेवटी म्हणाले, "तुमच्या यजमानांनी दुर्गा सांगितलं नव्हतं. मी त्यांना बोलूच दिलं नाही. ही चूक त्यांची नाही, माझी आहे. दुसरी दुर्गा नव्हती. कधीच नव्हती."

बाहेर कांडपाचं मशीन धडधडत होतं.

रखमाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग अचानक तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "म्हणजे सवत मीच होते? अगो बाय माझे! मीच मला कुंकू लावत होते!" हसता हसता डोळे भरून आले. "माझ्या धन्याला ठाऊक होतं तर! इंग्लिश वाचता यायचं त्याला थोडं. जन्मभर एकटाच हसत बसला, मला मेलीला सांगितलं नाय."

"त्यांनी दुरुस्त का नाही करून घेतलं, आई?" अक्षदानं विचारलं.

"दुरुस्त करायचं तर साहेबासमोर माझं नाव घ्यावं लागलं असतं ना. तो घेतोय!" असं म्हणून त्या पुन्हा हसल्या. आणि मग हसू गेलं. त्या घागसाहेबांकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज इतका कडक झाला की मी मागे सरकले. "साहेब, पत्र आल्यापासून तीन महिने मी त्यांच्या फोटोला हार घातला नाय. रोज जुना सुकलेला हार बघायची आणि तोंड फिरवायची. श्राद्धाला पान वाढलं ते पण सुनेनं. त्यांच्या वर्षाच्या दिवशी मी जेवले नाय, पण ते रागानं. हे तुम्ही केलंत."

"हो," घागसाहेब म्हणाले. "मी केलं."

मला वाटलं ते सफाई देतील. तेव्हा कामाचा ढीग होता, वय कमी होतं, असं काहीतरी. मी असते तर दिली असती, दहा कारणं दिली असती. ते खाली मान घालून नुसते उभे राहिले. रखमाबाईंनी पदर खोचला. "अक्षदा, चल. वाटेत हार घेऊ. मोगऱ्याचा घेऊ, मोठा." आणि दोघी दुकानातून उतरून गेल्या.

त्याच दुपारी घागसाहेबांनी निवेदन लिहिलं. आपला सर्व्हिस नंबर, तारीख, आणि स्वच्छ वाक्य की ही नोंद जवानाला न विचारता, स्वतःच्या ऐकीव माहितीवर, मी केली. त्याच्या चार झेरॉक्स काढायला सांगितल्या. तीन ऑफिससाठी. चौथी त्यांनी माझ्या काचेवर चिकटवली, लॅमिनेशनच्या पाटीच्या बरोबर खाली.

"हे काय?" मी ओरडले. "अहो, लोक वाचतील ना!"

"वाचायलाच लावलंय. माझ्याकडून अर्ज लिहून घेण्याआधी लोकांना कळलं पाहिजे, कोणाकडून लिहून घेताय."

लोकांनी वाचलं. पण सांगू का, एकही माणूस उठून गेला नाही. उलट, एक म्हातारे सुभेदार दोनदा वाचून घागसाहेबांना म्हणाले, "आता माझं पण जरा नीट बघा, मला लाज वाटायची विचारायला." त्यांच्याही पुस्तकात स्वतः सुभेदारांनीच केलेली एक भानगड होती. ती वेगळी गोष्ट आहे.

निवेदन पोस्टानं पाठवता आलं असतं. पण हे स्वतः गेले. पुस्तक आणि नव्यानं करून घेतलेले कागद पिशवीत घालून, सत्त्याहत्तराव्या वर्षी, दोन दिवसांचा प्रवास करून रेकॉर्ड ऑफिसला. तिथला तरुण कारकून म्हणाला, "अंकल, एवढ्यासाठी कशाला आलात? पोस्टानं पाठवायचं." हे म्हणाले, "चूक पोस्टानं केली नव्हती, हातानं केली होती." तिथल्या मोठ्या साहेबांनी कोऱ्या कागदावर तोच शब्द लिहून दाखवायला सांगितला. यांनी लिहिला. हात आता कापतो, रेघ वेडीवाकडी आली. पण 'जी'ची शेपटी डावीकडे वळली आणि टोकाला गाठ बसलीच. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि यांना खुर्ची दिली. हे मला घागसाहेबांनी आपणहून नाही सांगितलं. पुढे ऑफिसचं पत्र आलं, त्यात खाली एक ओळ होती, माजी हवालदार घाग यांचं हस्ताक्षर पडताळून पाहिलं. बाकीचं मी त्यांच्याकडून खोदून खोदून काढलं.

चार महिन्यांनी रखमाबाई आल्या. हातात रजिस्टर पोस्टाचं पाकीट होतं, न फोडलेलं. "साहेबांसमोरच फोडायचं म्हणून आणलं," त्या म्हणाल्या. त्या दिवसानंतर त्या दुकानात पहिल्यांदाच येत होत्या. घागसाहेब स्टुलावर अवघडून बसले. पाकीट मी फोडलं.

आत पुस्तक होतं आणि पत्र होतं, पेन्शन मंजूर झाल्याचं, कार्डाचंही. पत्र मी वाचून दाखवलं. रखमाबाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "पुस्तक बघू."

पान उघडलं. जुन्या निळ्या शाईतल्या 'दुर्गा'वर एक सरळ रेघ. वर काळ्या शाईत 'रखमा'. बाजूला सही, तारीख, गोल शिक्का. घागसाहेबांनी सवयीनं पट्टी धरली आणि सगळं बरोबर आहे का ते बघितलं. मग त्यांनी बाईंचं बोट हातात घेऊन वरच्या शब्दावर ठेवलं. "ही तुम्ही. रखमा."

रखमाबाईंनी बोट खाली सरकवलं. "आणि ही रेघेखालची?"

"ती चूक. दुर्गा. माफ करा, खोडता येत नाही. नियमच तसा आहे, खालचं वाचता आलं पाहिजे."

"वाचता येतं? अजून?"

"येतं."

रखमाबाई त्या शब्दावरून बोट फिरवत राहिल्या. "साहेब, मी शाळेत गेले नाय. जन्माचा दाखला नाय. आईबाप गेले, भाऊ गेला. दुर्गा म्हणून मी जगात कुठेच लिहिलेली नाय," त्या म्हणाल्या. "ह्या एका पानावर सोडून. राहू दे तिला. बरं झालं खोडली नाय."

घागसाहेबांनी चष्मा काढला. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं आणि त्या दिवशीही बघितलं नाही, कारण मी पटकन पाठ फिरवली. मलाच पदर शोधायची वेळ आली होती आणि मी ड्रेस घालते.

"तुम्ही आंबेकोंडचे ना?" रखमाबाई मागून म्हणाल्या. "मग साहेब काय म्हणते मी तुम्हाला? दादाच की. तुमच्या पडवीत मी खेळायची म्हणालात. मना आठवत नाय, पण तुम्हाला आठवतं. आता तेवढे एक तुम्हीच राहिलात. दादा, एकदा हाक मारा."

बाहेरचं कांडपाचं मशीन नेमकं तेव्हाच बंद झालं होतं. घागसाहेबांनी घसा साफ केला. माझ्या दुकानात नऊ वर्षं जो आवाज फक्त कारकुनांना शिव्या घालायला चढला होता, तो चढला, जसा कोणी वाडीत पडवीतून मागच्या अंगणाकडे हाक मारतो तसा.

"दुर्गे! ए दुर्गे!"

"ओ!" अडुसष्ट वर्षांची रखमा भुवड म्हणाली. "आले, दादा."